गारांना पुरून उरलेलं छत

सौंसरजवळच्या औद्योगिक वसाहतीत छपराच्या पारदर्शक शीट बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा पांढुर्ण्यात आमच्या वस्तीत सगळ्यांचा समज झाला की पोरगी शीट बनवायला चालली. प्रत्यक्षात मला त्या फोडायला ठेवलं होतं.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात, घर लहान, त्यामुळे माझा सगळा अभ्यास विहाराला लागून असलेल्या वाचनालयात झाला. नोकरी म्हणजे शाळेतली नाहीतर बँकेतली, एवढंच मला ठाऊक. कारखान्याच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी माझ्या हातात हातोडी दिली, टेबलावरच्या काचेसारख्या शीटकडे बोट दाखवलं आणि हिंदीत सांगितलं की मारा. साहेब छत्तीसगडकडचे, मोजकं बोलणारे. मी भीत भीत मारली. ते म्हणाले, अजून जोरात. मग मी डोळे मिटून, होती नव्हती तेवढी ताकद लावून हाणली. हातोडी उसळली, मनगटात कळ गेली. डोळे उघडले तर शीटवर नुसता पुसट खळगा. तडा नाही, तुकडा नाही. मी पुन्हा पुन्हा त्या खळग्यावरून बोट फिरवत राहिले. साहेब म्हणाले, याला पॉलिकार्बोनेट म्हणतात, आणि आता तुमचं काम हे की हे कधी फुटतं ते शोधायचं.

ते शोधायला एक उभी नळी होती. नळीच्या तळाशी शीटचा चौकोनी तुकडा लोखंडी कड्यात घट्ट आवळायचा आणि वरून गोल टोकाचं लोखंडी वजन ठरलेल्या उंचीवरून सोडायचं. पडलं की तुकडा काढून उजेडात धरायचा. खळगा पडलेला चालतो. शीट वाकून मार पचवते आहे, असा त्याचा अर्थ. तडा गेला किंवा भोक पडलं तर तुकडा नापास. नापास झाला की पुढच्या तुकड्याला उंची एक पायरी कमी करायची, पास झाला की एक पायरी वाढवायची. असं वर-खाली करता करता एक उंची सापडते जिथे निम्मे तुकडे टिकतात आणि निम्मे फुटतात. त्या मालाची ताकद त्यावरून ठरते. दुसरं यंत्र लोलकाचं. बोटभर पट्टीला मुद्दाम खाच पाडायची, पट्टी उभी आवळायची आणि लोलक सोडायचा. पट्टी तोडून लोलक पलीकडे किती वर चढला, त्यावरून पट्टीनं किती जोर खाल्ला ते कळायचं. साहेब म्हणायचे, ही शीट कोणाला भीत नाही, फक्त खाचेला भिते. मधोमध हातोडी मारा, हसेल. पण काठाला एक बारीक चीर असली की तिथूनच जाईल.

मला हे काम आवडायला लागलं. आईला फोनवर सांगायचे की आज एवढ्या शीट फोडल्या, तर ती म्हणायची की घरी कप फोडला तर मार खायचीस आणि तिथे फोडायचा पगार मिळतो.

माझी थोरली बहीण तिगावला दिलेली. भाऊजी संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, हंगामात आठवडेच्या आठवडे बाहेर. सासू नाही. सासरे रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ताई आमच्याकडच्या पद्धतीनं मामाजी म्हणायची, आणि तिचं ऐकून मीही. शेत थोडंच. ताई दहावीपर्यंत शिकलेली, पण लग्नानंतर दुसऱ्याच्या नर्सरीत रोजानं जाता जाता ती डोळा भरायला शिकली. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. तिची बोटं यात इतकी चालायची की मोठ्या नर्सरीवाले तिला बोलवायला माणूस पाठवत. मग तिनं घरच्याच शेतात स्वतःच्या कलमांची नर्सरी टाकली. वर हिरवी जाळी, खाली काळ्या पिशव्यांच्या रांगा.

एका फेब्रुवारीत गारपीट झाली. मी रविवारी सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला आले आणि तिथून तिगावला गेले. जाळीच्या चिंध्या बांबूंना लोंबत होत्या. डोळे नुकतेच फुटून कोवळे कोंब आलेले, ते सगळे मोडून पिशव्यांतल्या मातीत पडले होते. ताई रांगेत उकिडवी बसून एकेक पिशवी उचलून पाहत होती, जिच्यात जीव आहे ती डावीकडे, नाही ती उजवीकडे. उजवीकडचा ढीग मोठा होता. रडून झालेलं दिसत होतं. मीही तिच्या शेजारी बसून तेच करायला लागले. मग तिनं मान वर न करताच विचारलं,

"तू जे फोडून राहिली, ते गारीनं फुटते का?"

मी म्हणाले, नाही फुटत.

मामाजी बांधावर बसून चिंध्या गुंडाळत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "गार मारून पाहिली का तुमी?"

मी सांगितलं की आम्ही लोखंडाचं वजन टाकतो, गारेपेक्षा कितीतरी जड. त्यावर ते म्हणाले की जड असेल, पण गार काही नळीतून पडत नाही, ती आभाळातून येते, वाऱ्याबरोबर येते आणि एकटी येत नाही. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आयुष्यभर रुळांवर उघड्यात काम केलेला माणूस, गारांचा मार त्यांनी पाठीवर घेतलेला होता. परतीच्या बसमध्ये मी तोच विचार करत होते. वजन जड असलं तरी सावकाश पडतं. गार हलकी, पण तिचा वेग कितीतरी जास्त. दोन्हींचा मार सारखा कशावरून?

सोमवारी मी साहेबांना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि निघून गेले. मला वाटलं, नाराज झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते एक चित्र काढूनच. ते म्हणाले की मोठ्या प्रयोगशाळांत बर्फाचे गोळे हवेच्या दाबानं शीटवर मारतात, आपल्याकडे ते यंत्र नाही, आणि आजवर कोणी मागितलंही नव्हतं. मग त्यांनी मालकांशी बोलून परवानगी काढली आणि देखभाल विभागातल्या माणसांना हाताशी धरून कारखान्याच्या मागच्या अंगणात एक लांब नळी, हवेची टाकी आणि झडप असं काहीतरी उभं केलं. नळीच्या तोंडाशी प्रकाशाच्या दोन रेषा होत्या. गोळ्याला एक रेषा ओलांडून दुसरीपर्यंत जायला किती वेळ लागला, त्यावरून वेग निघायचा.

बर्फाचे गोळे करायचं काम माझ्याकडे आलं. वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. साच्यात घातलेलं पाणी गोठताना मधोमध तडकायचं, आणि तडकलेला गोळा नळीतच फुटायचा. पाणी आधी उकळून निववलं आणि हळूहळू गोठवलं तेव्हा कुठे धड गोळे मिळायला लागले. तेही पेटीतून काढले की लगेच मारावे लागत, नाहीतर सौंसरच्या उन्हात हातातच विरघळायचे.

आधी साधी काच लावली. पहिल्याच गोळ्याला तिचा चुरा झाला. मग बाजारात पारदर्शक म्हणून मिळणारी दुसऱ्या प्लास्टिकची शीट. तिला चांदणीसारखे तडे गेले. मग आमची. धाडकन आवाज आला, बर्फाचा भुगा चहूकडे उडाला आणि शीटवर उरला नुसता ओला ठिपका. आम्ही कोपऱ्यात मारलं, काठाजवळ मारलं, तिरकं मारलं, एकाच जागी पुन्हा पुन्हा मारलं. तरी नाही. साहेब हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी ताईला फोन केला. तिला आनंद झाला, पण मागून मामाजींचा आवाज आला की गावात एकाच्या गोठ्यावर अशीच शीट आहे, ती यंदाच्या गारांनी चाळणी झाली. मी पुढच्या रविवारी जाऊन ती पाहिली. पिवळी पडलेली, भोकाभोकांची. गोठेवाल्यानं तिचा एक तुकडा आनंदानं दिला, म्हणाला सगळीच घेऊन जा. तो तुकडा मी बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. कंडक्टरनं विचारलं की हे काय, तर मी म्हणाले पेशंट.

साहेबांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला, कडेला नखानं खरवडला, भिंगाखाली धरला. मग आमच्याच कारखान्याच्या सायकल स्टँडवरून, तेवढीच वर्षं उन्हात राहिलेल्या एका शीटचा तुकडा कापून आणायला सांगितला. दोन्हींवर बर्फ मारला. गोठ्याच्या तुकड्याला पहिल्याच फटक्यात आरपार भोक पडलं. सायकल स्टँडच्या तुकड्याला काहीही झालं नाही. साहेबांनी मला कारण दाखवलं. शीटच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. नव्या शीटवर त्या बाजूच्या कागदावर तसं छापलेलं असतं. गोठ्यावर बसवणाऱ्यानं ती बाजू खाली केली होती. वरची उघडी बाजू वर्षानुवर्षं ऊन खात पिवळी आणि कडकडीत होत गेली. मारापेक्षा उन्हानंच तिला आधी संपवलं होतं.

मला हायसं वाटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे शीट कितीही चांगली असली तरी बसवणाऱ्याच्या हातात सगळं होतं.

त्या उन्हाळ्यात ताई आणि मामाजी कारखान्यात येऊन गेले. साहेबांनीच बोलावलं होतं. मामाजींनी निवृत्तीच्या वेळचा सदरा घातला होता. त्यांना वाटलं आपल्याला लांबून दाखवतील, पण साहेबांनी ताईच्या हातात झडप दिली. तिनं विचारलं, खरंच ओढू? ओढली. आवाजानं ती दचकली आणि मग लगेच म्हणाली, पुन्हा एकदा. मामाजी शीटजवळ गेले, ओला ठिपका अंगठ्यानं पुसून पाहिला, मागून पाहिला, मग पुढून.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पन बसवाची नीट."

ताईनं बचत गटातून पैशाची सोय केली. दुधी रंगाच्या शीट ठरल्या, म्हणजे कलमांना ऊन झिरपून मिळेल. बाजू मोकळ्या ठेवून फक्त जाळी लावायची, नाहीतर आतली हवा तापून कलमा भाजतील. लोखंडी सांगाडा उभा करायला पांढुर्ण्याचा एक फॅब्रिकेटर आला. कामाला वाघ, पण घाईचा. मी सुट्टी घेऊन हजर राहिले. त्याला सांगितलं की स्क्रूपेक्षा भोक मोठं पाड, कारण उन्हाळ्यात शीट तापून पसरते आणि थंडीत आखडते. घट्ट बसवलीस तर तिला हलायला जागा राहणार नाही आणि भोकाच्या काठाला ताण येईल. त्याला ते पटत नव्हतं. त्याची सगळी हयात टिनाची छपरं ठोकण्यात गेलेली. टिनाला जितकं आवळावं तितकं ते वाऱ्यात टिकतं, हा त्याचा अनुभव, आणि तो खोटा नव्हता. पण ही वस्तू वेगळी होती.

माझं सांगणं त्याच्यापेक्षा ताईनं जास्त मनावर घेतलं. ती शिडीवर चढली आणि त्याच्यामागून प्रत्येक स्क्रू हातानं तपासत गेली. रबराची चकती फुगून बाहेर आली की समजायचं, जास्त आवळलं. मग ती पान्यानं अर्धा वळसा सोडायची. शेजारच्या बाया बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. सून शिडीवर आणि सासरा खाली शिडी धरून, हे दृश्य तिगावात नवीन होतं. मामाजी कोणाकडेही न पाहता शिडी धरून राहिले.

पावसाळ्यानंतर खुंट वाढले आणि थंडीत ताईनं डोळे भरले. पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला मी सुट्टीला तिगावला होते. शेजारच्या बागेत मृग बहाराच्या संत्र्यांची तोडाई चालू होती. दुपारनंतर सातपुड्याकडून आभाळ भरून आलं. रंग काळा नव्हता, शेवाळासारखा हिरवट होता. मामाजींनी वर पाहिलं आणि ताईला म्हणाले की आता गार येणार. वारा एकदम पडला. मग लांबून, तिगाव स्टेशनच्या बाजूनं, मालगाडी यावी तसा आवाज येत येत मोठा झाला, पण रुळांवर गाडी नव्हती.

तोडाईच्या बाया संत्री भरायचे कॅरेट टाकून पळत सुटल्या. बागेत आसरा नव्हता. ताईनं जाळीचा पडदा वर केला आणि त्यांना हाताच्या खुणेनं बोलवायला लागली. पहिल्या गारा पडायला आणि बाया आत यायला एकच गाठ पडली. दोघीतिघींच्या कडेवर मुलं होती. एकीच्या कपाळाला लागून रक्त आलं होतं. ताईनं तिला पदर दाबून धरायला लावलं. कलमांच्या रांगांमधल्या अरुंद वाटेवर आम्ही सगळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिलो.

मग खरा मार सुरू झाला. प्रयोगशाळेत एका वेळी एक गोळा सुटतो, आवाज होतो आणि शांतता होते. इथे शांतता नव्हतीच. सगळं छत थरथरत होतं, दुधी उजेडातून वर आपटणाऱ्या गारांच्या सावल्या दिसत होत्या, बोललेलं ऐकू येत नव्हतं. लिंबाएवढ्या गारा बाहेर मातीत रुतत होत्या. मुलं रडत असावीत, तोंडं उघडी दिसत होती. ज्या वस्तूची मी रोज परीक्षा घेत होते, तिच्या भरवशावर एवढी माणसं उभी होती, आणि या परीक्षेत उंची कमी करायची सोय नव्हती.

मी वर पाहत एकेका स्क्रूवरून नजर फिरवत गेले. मधलं सगळं ठीक होतं. पण पाण्याच्या टाकीकडच्या कोपऱ्यात, जिथे शिडी नीट टेकत नव्हती, तिथल्या एका स्क्रूभोवती रबराची फुगलेली चकती दुधी शीटमधून सावलीसारखी दिसली. तो ताईच्या हाती लागलाच नसावा. आणि मी पाहत असतानाच त्या भोकापासून एक पांढरी रेघ निघाली, वीतभर गेली आणि थांबली. त्या कोपऱ्याखाली एक म्हातारी बाई नातवाला पोटाशी धरून उभी होती. मी वाट काढत तिच्यापर्यंत गेले. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं,

"बाई, फुटन का वं हे?"

मला नाही म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर मोठ्यानं नाही म्हणायचं होतं. पण मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "मधून नाही फुटत. इथून सरका, मधे या."

ती सरकली. तिच्यामागून बाकीच्याही सरकल्या. मामाजींनी ते पाहिलं आणि स्वतः त्या मोकळ्या कोपऱ्याच्या अलीकडे हात आडवा धरून उभे राहिले, कोणी चुकून तिकडे जाऊ नये म्हणून. रेघ आणखी थोडी वाढली. दोनेक गारा कोपऱ्याचा एक तुकडा घेऊन आत आल्या आणि तिथल्या कलमांवर पडल्या. बाकी छत जागचं हललं नाही.

थांबलं तेही एकदम. कानात घंटा वाजत होती. ताईनं पडदा वर केला. बाहेर जमीन पांढरी झाली होती, आणि शेजारच्या बागेत झाडांखाली संत्र्यांचा सडा पडला होता, नारिंगी आणि पांढरा. बागवाला मोटारसायकलवरून आला आणि गाडी स्टँडवर न लावताच उभा राहिला. त्याला पाहून आमच्या सुटकेचा आनंद आमच्या तोंडातच राहिला. बाया आपापले कॅरेट शोधायला गेल्या. जाताना त्या म्हातारीनं छताच्या लोखंडी खांबाला हात लावून पाहिला, मग तोच हात छातीला लावला.

ताई रांगांमधून फिरली. कोपऱ्यातल्या काही पिशव्या गेल्या होत्या. बाकीचे कोंब उभे होते, धूळसुद्धा न लागलेले. ती मधल्या वाटेवर खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली,

"मी कोंब जवळून पाहाले बसली. घाबरू नको."

आणि मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मामाजी बाहेरून पाणी घेऊन आले आणि तिच्या हातात तांब्या देऊन पुन्हा बाहेर गेले.

तो तडकलेला कोपरा मी कापून घेतला आणि सौंसरला नेला. साहेबांपुढे ठेवला. त्यांनी खूप वेळ पाहिला. रेघ भोकाच्या काठावरच्या एका बारीक ओरखड्यापासून निघाली होती, लोलकाच्या पट्टीला आम्ही पाडतो त्या खाचेसारखीच. मी म्हणाले की आपण नेहमी कोऱ्या तुकड्याच्या मधोमध मारतो, पण लोकांच्या घरावर कोरा तुकडा नसतो, भोकं पाडलेली, आवळलेली शीट असते. तेव्हापासून आमच्याकडे चौकटीवर स्क्रूनं बसवलेली शीटही तपासायला घेतात, एक सैल बसवलेली आणि एक घट्ट, आणि स्क्रूच्या जवळच बर्फ मारतात. नियमात ते नाही. साहेबांनी स्वतःहून चालू केलं. शीटबरोबर जो कागद गिऱ्हाइकाला जातो, त्यावर आता वर कुठली बाजू आणि भोक किती मोठं याची चित्रं आहेत. ती चित्रं काढण्यात माझाही हात आहे. मराठी आणि हिंदी दोन्हींतला मजकूर मीच लिहिला.

त्या पावसाळ्यात ताईच्या कलमा विकल्या गेल्या. शेजारच्या बागवाल्यानंच सगळ्यात आधी मागितल्या. मेलेल्या झाडांच्या जागी लावायला त्याला चांगला माल हवा होता, आणि आजूबाजूला तो फक्त तिच्याकडेच उरला होता. तिनं त्याला निवडून दिल्या.

पण खरी गंमत पुढे झाली. तोडाईतल्या बायांपैकी एक मोहगावच्या बाजूची. तिच्या गावात अंगणवाडीच्या ओट्यावर मुलं जेवायला बसतात, तिथे असलीच शीट टाकायचं ठरलं, तेव्हा तिनं सांगितलं की तिगावच्या बाईला विचारा. ताई गेली. मीही सोबत गेले. तिथला मिस्त्री शीट ठोकून मोकळा झाला होता. ताईनं खाली उभं राहून शीटच्या खालच्या बाजूला कडेला राहिलेला छापील कागद वाचला आणि सरळ सांगितलं की बाजू उलटी झाली, उतरवा. मिस्त्रीनं विचारलं की तुम्ही कोण? ती म्हणाली, मी अशा छताखाली गारपिटीत उभी राहिलेली बाई आहे. मग त्यानं शिडी लावली. सगळ्या शीट उतरल्या, पालटल्या, भोकं मोठी झाली. ताई शेवटपर्यंत शिडीवर होती. मुलं ओट्यावर पंगतीला बसली तेव्हा ती खाली उतरली आणि त्यांच्याच शेजारी मांडी घालून खिचडी जेवली.

आता तिला बोलावणी येतात, रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत. नर्सरी आहेच, पण दोन हंगामांच्या मधे ती छतं बसवते. स्वतःचं ड्रिल मशीन घेतलं आहे. भाऊजी घरी असले की तेही सोबत जातात, आणि ती सांगेल ते धरून उभे राहतात. परवा मी तिला फोन केला तर ड्रिलची घरघर ऐकू आली. ती म्हणाली, थांब, उतरून बोलतो तुह्याशी. उतरली काही नाही. फोन कुठेतरी तसाच चालू ठेवून दिला असावा. पलीकडे ती कोणाला तरी सांगत होती की एवढं नको आवळू, तिले हलाले जागा ठेव. मी ऐकत बसले.